अर्जुनाचा हातगुण

कवठे महांकाळच्या पूर्वेला, जिथं डांबर संपतं आणि कुसळं सुरू होतात, तिथल्या वाड्यावस्त्यांवर अर्जुना कोळेकरच्या हातगुणाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मेंढी अडली, बोलवा अर्जुनाला. कोकरू पीत नाही, बोलवा अर्जुनाला. नवी विहीर असो, नवा ट्रॅक्टर असो, की कुणी हप्त्यावर आणलेली फटफटी असो, बिरोबाचा पहिला भंडारा लागायचा तो अर्जुनाच्या हातचा. त्या हातात बघण्यासारखं काही नव्हतं. बोटं जाड, नखं तुटकी आणि तळवे हळदीनं बारा महिने पिवळे. पण पोटात कोकरू आडवं घेऊन मेंढी दोन दिवस पडलेली असली, तरी हा गडी हात घालायचा, डोळे मिटून आत चाचपायचा, हळूहळू वळवायचा, आणि थोड्या वेळानं कोकरू मातीत धडपडत असायचं. "माजं काय हाय त्यात? देवाचा हात हाय," एवढंच म्हणायचा. बोलावणं आलं की भाकरीवरून उठून जायचा, आणि परत येताना मात्र चाल जरा ताठ असायची.

असल्या माणसाच्या पोटी एकुलता एक मुलगा, त्याचं नावही देवाचंच ठेवलं, बिरदेव. पण पोरगा मेंढरांच्या मागं म्हणून कधी गेला नाही. बारावी झाल्या झाल्या तो माधवनगरला सिद्धू मिस्त्रीच्या गॅरेजात चिकटला. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलेलं ते गॅरेज. नऊ वर्षांत त्यानं तिथं एवढी इंजिनं उघडली, की गाडी फाटकातून आत येतानाच तिचं काय दुखतंय ते तो सांगायचा. लोक म्हणायचे, बापाचा हातगुण पोरात उतरलाय, फक्त मेंढीच्या जागी मोटार आली. हे ऐकून बिरदेव वरवर हसायचा आणि आतून सुखावायचा.

त्याला वेड होतं टर्बोचं. इंजिनातून जो धूर वाया जातो, त्याच्याच जोरावर एक छोटा पंखा फिरतो, तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि एवढंसं इंजिन आपल्या दुप्पट मोठ्या इंजिनाला मागं टाकतं. ज्याच्या घरात कधी काही वाया गेलेलं नाही, त्याला ही गोष्ट पटकन आवडते. त्यातून साताऱ्याचा वीरधवल गॅरेजात यायला लागला. घरचा ऊस, दारात तीन-तीन गाड्या आणि त्या पळवायची हौस. साताऱ्याबाहेर हमरस्त्यावर तो नुसत्या वेगवान गाड्यांचं मोठं गॅरेज काढत होता. एकदा बिरदेवचं काम बघून तो म्हणाला, "लोकांच्या गाड्या काय दुरुस्त करत बसलायस? एखादी जुनी टर्बो घे, स्वस्तात घे, आणि माझ्या गाडीबरोबर पळवून दाखव. जिंकलास तर साताऱ्याचं गॅरेज तुझ्या हाताखाली. शब्द आहे माझा."

असल्या शब्दावर माणसं काय काय करतात! बिरदेवनं तो शब्द घरी नेला.

घरात विकण्याजोगं एकच होतं. साठ मेंढरं. अर्जुनाच्या आज्यापासून चालत आलेला कळप. दर वर्षी दिवाळी झाली की पलूसकडच्या उसाच्या मोकळ्या रानात खतासाठी बसवायला न्यायचा आणि पाऊसकाळ लागला की परत आणायचा. अर्जुनाचे गुडघे आता त्या वाटेला नको म्हणत होते, हे खरं. "आबा, साताऱ्याला माजं बस्तान बसलं की तुमी हिंडायचं बंद. तुमाला आनि आयेला तिकडंच नेतो," बिरदेव म्हणाला. अर्जुना तीन दिवस मेंढरांमागंच राहिला. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरता भरता त्यानं विचारलं, "गाडी पळंल न्हवं?"

"पळंल की."

"पळंल. माज्या रक्ताचा हात हाय तुजा." त्या आठवड्यात आटपाडीच्या बाजारात मेंढरं गेली, आणि अर्जुना नुसती काठी घेऊन घरी आला.

गाडी मिळाली साताऱ्यात, जयराज सुभेदारांकडं. फौजेतून निवृत्त झालेला मिशाळ माणूस, परदेशी बनावटीची दहा वर्षं वापरलेली राखाडी गाडी आणि तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया. बिरदेव आल्या आल्या गाडीखाली शिरला. पाइप सोडवून त्यानं टर्बोच्या पंख्याला बोट लावलं, तो खालीवर हलतो का ते पाहिलं, तेलाचं झाकण काढून हुंगलं, इंजिन चालू करून धुराचा रंग बघितला. इकडं अर्जुनानं आपली तपासणी सुरू केली. काठी टेकत गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पोटाखाली पाहिलं, मागच्या चाकांवर हात फिरवला, आणि मग सुभेदारांना विचारलं, "जनावर चांगलं दिसतंय. मग विकताय कशापायी?"

"घुटना गया, पाव्हणं," सुभेदार म्हणाले. "क्लच दाबवत न्हाई आता. आणि हिला हळू चालवायचं म्हंजे पाप हाय."

"माजंबी दोनी गुडघं गेल्यात," अर्जुना म्हणाला, आणि दोघं म्हातारे पायरीवर शेजारी शेजारी बसले. बिरदेव गाडीखालून निघेपर्यंत अर्जुनानं खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर पसरला होता. जनावरांच्या बाजारात असाच सौदा होतो; टॉवेलाखाली बोटं धरायची, तोंडानं काही बोलायचं नाही. सुभेदारांनी पंचवीस वर्षं फौजेत काढली होती, पण लहानपणी बापाचं बोट धरून बैलबाजार बघितला होता, त्यांना ती भाषा बरोबर आठवली. टॉवेल दोन-तीनदा हलला. एकदा सुभेदारांनी मान उडवली, एकदा अर्जुना खोटं खोटं उठायला लागला, आणि शेवटी दोघंही हसले. बिरदेवनं मनात धरलेल्या किमतीपेक्षा सौदा खाली झाला होता.

किल्ली देताना सुभेदारांनी गाडीवरून एकदा हात फिरवला. "एकच सांगतो. हिला धूळ खाऊ घालू नका. बाकी ही काय मागत न्हाई."

अर्जुनानं मान डोलावली. येताना गाडीत पुढं बसून तो काचेतून सरळ रस्त्याकडं बघत होता, आणि पेठ नाक्याजवळ बिरदेवनं जरा पाय दाबल्यावर टर्बोची शिट्टी वाजली, तेव्हा म्हातारा पोरासारखा खुदकन हसला.

मग सहा महिने बिरदेवला दिवस कमी पडला. गॅरेजचं काम सहापर्यंत करायचं आणि मग स्वतःची गाडी उघडायची. पैसा थोडा, तेव्हा डोकं जास्त चालवावं लागलं. टर्बोनं कोंबलेली हवा थंड करणारी जाळी कोल्हापूरच्या भंगारात एका अपघाती गाडीची मिळाली. धुराचा मोठा पाइप बनवून दिला पलूसकडच्या एका वेल्डरनं. गळीत संपल्यामुळं तो रिकामाच होता, आणि साखर कारखान्याच्या वाफेच्या पाइपांना टाके घालणाऱ्या माणसाला एवढासा पाइप म्हणजे खेळ. गाडीच्या संगणकात नवा मॅप भरला, म्हणजे किती हवेला किती पेट्रोल द्यायचं याचं नवं गणित घातलं. गाडी पहिल्या दिवशी बाहेर काढली, तेव्हा सिद्धू मिस्त्री शेजारी बसला होता. परत येऊन तो तंबाखू मळत बसला. "झाली रं गड्या," एवढंच म्हणाला.

एक काम राहिलं होतं. जुन्या हवेच्या फिल्टरमधून आता एवढी हवा पुरत नव्हती, म्हणून तो काढून टाकला होता. नवा मोठा फिल्टर घ्यायला बिरदेवनं रक्कम बाजूला ठेवली होती. पण पाय उचलला की फुस्स करून दम सोडणारा एक व्हॉल्व्ह त्याला दिसला, आणि फिल्टरची रक्कम त्या व्हॉल्व्हला गेली. त्या व्हॉल्व्हनं गाडी तसूभर जास्त पळणार नव्हती. आवाज मात्र असा यायचा, की रस्त्यावरची माणसं मान वळवायची. शिवाय फिल्टर नसला की टर्बोची शिट्टीही उघडी, मोठी ऐकू येते. सत्तावीस वर्षांच्या पोराला याहून काय पाहिजे? हवा आत घेणाऱ्या उघड्या तोंडावर त्यानं आईची सपीटाची जुनी चाळण कापून बसवली.

"बिऱ्या, फिल्टर कुटं हाय?" मिस्त्रीनं विचारलं.

"मागवू की, मिस्त्री. आधी शर्यत हू द्या. खड्याला चाळण हाय न्हवं?"

"चाळणीतनं खडा वर ऱ्हातोय आनि पीठ खाली पडतंय रं. आयेला इचार तुज्या."

बिरदेव हसला. मिस्त्रीही हसला, कारण तो हसण्यावारी नेत सांगायचा, हाच त्याचा दोष होता.

वीरधवलनं चैत्रातला एक रविवार ठरवला. साताऱ्याजवळ वळणरस्त्याचा, म्हणजे बायपासचा, एक सरळ तुकडा तयार होता पण वाहतुकीला उघडला नव्हता. तिथं त्याची गाडी आणि बिरदेवची गाडी. त्याच्या आधीच्या बुधवारी बिरोबाची जत्रा होती. अर्जुनाचा निरोप आला, देवाचा भंडारा लावल्याशिवाय गाडी शर्यतीला न्यायची नाही. बिरदेव तरी कुठं नाही म्हणत होता! त्यानं गाडी धुतली, पुसली आणि वाडीला आणली.

देवळासमोरच्या माळावर ढोल घुमत होते, गजी नाचणाऱ्यांचे रुमाल एका तालात उडत होते, आणि माणूस-जनावर सगळं पिवळंधमक झालं होतं. गाडी आलेली बघताच लोक गोळा झाले. अर्जुनानं पायातलं पायताण काढलं, ओंजळ भरून भंडारा घेतला आणि म्हणाला, "टोपान उघड."

बिरदेवनं बोनेट उघडलं.

"आनि चालू कर."

"चालू कशाला, आबा? असाच लावा की."

"निजल्या जनावराला कोन भंडारा लावतंय का?" अर्जुना म्हणाला. "जितं पायजे."

मिस्त्रीचं बोलणं बिरदेवला त्या क्षणी आठवलं. पण सगळी वस्ती बघत होती, सहा महिन्यांत पहिल्यांदाच बघत होती, आणि समोर बाप ओंजळ धरून उभा होता. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन धरलं. आणि लोकांना शिट्टी ऐकू यावी म्हणून, कुणी सांगितलेलं नसताना, त्यानं पायही दाबला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अर्जुनाची ओंजळ सुटली. पिवळा ढग बोनेटखाली उतरला आणि बघता बघता त्या उघड्या तोंडात ओढला गेला. जमिनीवर पडायचा भंडारा जमिनीवर पडलाच नाही. एकच गलका उठला. "घेतला! देवानं भंडारा घेतला!" बायका पुढं सरसावल्या, आणखी चार मुठी आल्या, त्याही आत गेल्या. अर्जुनाच्या डोळ्यांना धार लागली. म्हातारपणी एवढं सुख त्याला झेपत नव्हतं. निघताना त्यानं खिडकीत वाकून सांगितलं, "ऐतवारपातूर पुसू नगंस हां, बिरदेवा."

"न्हाई पुसत, आबा."

दुसऱ्या दिवशी माधवनगरला बिरदेवनं हवेच्या तोंडाजवळचा सेन्सर सोडवून हातात घेतला. आत केसाएवढी बारीक तार असते, ती तापते आणि किती हवा आत चालली ते मोजते. तिच्यावर हळद बसून करपली होती. सफाईचा फवारा मारायचा, पाच मिनिटं वाळवायचा, काम फत्ते. फवाऱ्याचा डबा हातात होता. तेवढ्यात फोन वाजला.

"भंडारा हाय न्हवं रं?" पलीकडून अर्जुना.

"हाय, आबा."

बापाशी तो कधी खोटं बोलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याचाही अर्धा जीव त्या पिवळ्यात गुंतला होता. एवढ्या माणसांच्या देखत देवानं भंडारा घेतला, त्यावर फवारा मारायचा? रविवारी एकच तर पळ आहे. शर्यत झाली की धुऊ. त्यानं सेन्सर होता तसा परत बसवला.

रविवारी सकाळी सातलाच वळणरस्त्यावर पन्नासेक माणसं जमली होती. अर्जुना मिस्त्रीबरोबर आला होता, धुतलेलं धोतर, नवा पटका, कपाळभर भंडारा. रुमाल पडला. पहिल्या गिअरमध्ये वीरधवलची गाडी थोडी पुढं होती, दुसऱ्यात दोन्ही बरोबर आल्या, आणि तिसऱ्यात बिरदेवच्या डाव्या काचेतून वीरधवलचं तोंड हळूहळू मागं सरकायला लागलं. शिट्टी कानात मावत नव्हती. जिंकतोय आपण, हे बिरदेवला स्वच्छ दिसलं. पुढं कधी त्याला त्या दिवसाचं काही आठवलं, तर ते तीन-चार क्षण आठवायचे, आणि तेच सोसायचे नाहीत.

आधी बारीक टकटक झाली. मग धाडकन आवाज झाला, स्टिअरिंग हाताला झटका देऊन गेलं, आणि आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला, नुसता पांढरा धूर. गाडी आपल्या वजनानं थोडी घरंगळली आणि थांबली. वीरधवलची गाडी पुढं गेली, वळली, परत आली. त्यानं काच खाली केली, पण तो उतरला नाही. "वाईट झालं रे. बघू, नंतर बोलू," म्हणाला, आणि त्या 'नंतर'चा अर्थ बिरदेवला तिथंच कळला.

त्यानं बोनेट उघडलं. काळ्या तेलानं सगळं माखलं होतं आणि हवेचं तोंड तेवढं पिवळं होतं. हवा मोजणारी तार करपलेल्या हळदीखाली आंधळी झाली होती. हवा भरपूर येत होती आणि तार सांगत होती कमी येते. मग पेट्रोलही कमी गेलं, आतली आग बेसुमार तापली आणि आतला धातू वितळला. नऊ वर्षं इंजिनं उघडलेल्या बिरदेवला हे कळायला वेळ लागला नाही. एवढ्यात गुडघे ओढत, धापा टाकत अर्जुना आला. "काय झालं रं? लागलं न्हाई न्हवं तुला?"

लागलं नाही ना, हेच त्यानं पहिलं विचारलं होतं. पण बिरदेवच्या डोक्यात आग होती, आणि ती जवळच्याच माणसावर पडली.

"तुमच्या हातानं झालं हे," तो ओरडला. "हे बघा! ह्यो बघा तुमचा भंडारा! तुमच्या हातानं मेली माजी गाडी, आबा!"

पन्नास माणसं ऐकत होती. अर्जुनानं वाकून ते पिवळं तोंड बघितलं. मग स्वतःचे दोन्ही तळवे वर केले आणि तेही बघितले. मिस्त्रीनं बिरदेवला बाजूला ओढून नेलं, आणि तो भानावर येऊन मागं वळेपर्यंत म्हातारा एकटाच यष्टीच्या थांब्याकडं चालायला लागला होता.

आठवड्यानं मिस्त्रीनं इंजिन उघडलं. एका पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं आणि इंजिनाचा ठोकळा आतून फाटला होता. भंगारात घालण्याशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता. मिस्त्रीनं भोकातून बोट आरपार घातलं, काढलं, आणि फडक्यानं पुसत म्हणाला, "फिल्टर असता तर धा पोती भंडारा टाकला असता तरी कायबी झालं नसतं."

"म्हाईत हाय."

"मग म्हाताऱ्याला का बोललास?"

बिरदेव खाली बसला आणि ढसाढसा रडला. सहा महिने गेले, साताऱ्याचं गॅरेज गेलं, तिथं पुण्याचा कुणी माणूस लागलाही होता. त्यासाठी तो रडत नव्हता.

दुपारच्या गाडीनं तो वाडीला आला. मेंढरांच्या रिकाम्या वाडग्यापाशी आई, बयाबाई, शेणी रचत होती. त्याला बघून तिनं हात पुसले आणि आवाज खाली आणला. "देवाम्होरं बसत्यात, पर भंडाऱ्याच्या ताटलीत हात घालत न्हाईत. आट दिस झालं, कपाळ तसंच हाय. राखंनं हात घासत बसत्यात. तू कायतरी बोल बाबा."

अर्जुना लिंबाखाली दगडावर बसला होता. कपाळ उघडं होतं. तळवे राखेनं घासून घासून पांढरेफटक झाले होते. ते दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. बिरदेव त्याच्यासमोर मातीत बसला.

"आबा, चूक माजी हाय. फिल्टर म्हून एक वस्तू असती, धूळ अडवायची. ती मी बसवलीच न्हाई. त्येचं पैसं दुसरीकडं घातलं. नुसत्या आवाजापायी. तुमचा कायबी दोष न्हाई."

अर्जुनानं तळवे धोतराला पुसले. "मला बरं वाटावं म्हून बोलतूयास."

"देवाशप्पत खरं सांगतोय! आनि दुसऱ्या दिशी मी समदं खोललं हुतं. धुवायचा डबाबी हातात हुता. पाच मिन्टांचं काम. धुतलं असतं तर शर्यत जिकलो असतो."

"मग का न्हाई धुतलंस?"

बिरदेव मातीत बोटानं रेघा ओढायला लागला. हे सांगायला नको होतं, हे त्याला उशिरा कळलं.

"मी पुसू नगं म्हनलो हुतो, म्हून," अर्जुनानंच सांगून टाकलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्या सुभेदारानंबी सांगितलं हुतं. हिला धूळ खाऊ घालू नगा. मी ऐकलं हुतं, बिरदेवा. म्या मान हालवली हुती. मला वाटलं, भंडारा म्हंजे धूळ न्हवं."

बिरदेवला गाडीचं सगळं कळत होतं, आणि यातलं काहीच कळत नव्हतं. त्यानं बापाचा हात हातात घ्यायला हात पुढं केला, तर अर्जुनानं आपला हात मागं घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

तेवढ्यात बांधावरून हाका ऐकू आल्या. शेजारच्या वस्तीवरची हरणाबाई धावत येत होती. म्हातारी एकटी राहायची, आठ मेंढरांवर तिचं सगळं चालायचं. "अर्जुना, चल रं बाबा लवकर! सकाळधरनं अडलीया. पाय बाहीर आलाय आनि मुंडकं येईना. ऐक की, कशी वरडतीया!"

मेंढीचं ओरडणं इथपर्यंत येत होतं. अर्जुना उठला नाही.

"दुसऱ्या कुनाला तरी बोलव, हरनाबाई."

"दुसरं कोन हाय हितं?"

"माजा हात वाईट हाय आता," तो म्हणाला. "लागंल तितं मारतोय."

हरणाबाई बघतच राहिली. बिरदेव उठला आणि तिच्या पुढं पळाला. शेडमध्ये मेंढी आडवी पडली होती, डोळे पांढरे, पोट भात्यासारखं हलत होतं. तो गुडघ्यावर बसला. हात साबणानं धुतला, आत घातला, आणि त्याला काहीच लागेना. सगळं ऊन, निसरडं, एकात एक गुंतलेलं. पुढचा पाय कुठला, मागचा कुठला? मान कुठं वळलीय? वळवायचं ते कुठल्या अंगानं? नऊ वर्षं ज्या हाताचं लोक कौतुक करत होते, तो हात तिथं नुसता चाचपडत राहिला. मेंढीनं एक जोराचा हिसका दिला आणि त्यानं घाबरून हात बाहेर काढला.

तो परत पळत लिंबाखाली आला. कोपरापर्यंत रक्त होतं. "आबा, पाया पडतो तुमच्या. उठा. मला न्हाई येत. मेंढी मरंल. माज्यावरचा राग तिच्यावर काढू नगा."

"तुज्यावर कुटला राग," अर्जुना म्हणाला. तो बिरदेवकडं बघत नव्हता, ओरडणं येत होतं त्या दिशेला कान लावून बसला होता. मांडीखालचा उजवा हात कधीतरी बाहेर आला होता आणि गुडघ्यावर होता. त्या हाताची जाड बोटं हलत होती. आधी सरळ आत गेल्यासारखी, मग अंगठा बाजूला घेऊन, मग हळूहळू, हळूहळू डावीकडं वळवत. कोकराची मान सोडवायला जशी वळवावी लागतात तशी.

"आसंच, आबा, आसंच," बिरदेव रडत म्हणाला. "चला की."

अर्जुनानं मान हलवली. नाही. बोटं मात्र वळतच होती.

पलीकडचं ओरडणं एकाएकी बारीक झालं आणि मग थांबलं. थोड्या वेळानं हरणाबाईचा हंबरडा ऐकू आला. अर्जुनाची बोटं जिथं होती तिथंच थांबली. त्यानं तो हात दुसऱ्या हातानं उचलला, परत मांडीखाली घेतला, आणि तसाच बसून राहिला.